बोळ तेवढाच, बिऱ्हाडं दुप्पट

महोदय,

नारायण पेठेतल्या आमच्या बोळात गेल्या चार वर्षांत तीन वाडे उतरवले गेले आणि तिथे तीन इमारती उभ्या राहिल्या. शेवटच्या वाड्याचे सागवानी खांब टेम्पोत चढले, तेव्हा बघायला सगळी आळी लोटली होती. आडात राडारोडा ढकलला, त्या दुपारी कोणी फिरकलं नाही. तिथे नऊ बिऱ्हाडं होती, आता बावीस फ्लॅट आहेत.

वाड्यांसाठी गळा काढायला मी हे लिहीत नाही. सामाईक संडासापुढे बादली धरून ज्यांनी हयात काढली, त्यांना विचारा. 1961 च्या पानशेत पुरात नदीकाठचे कितीतरी वाडे एका दिवसात बसले, तेव्हाही पेठ बदललीच होती. आमचाही वाडा यंदा बिल्डरकडे द्यायचं चाललंय.

माझं म्हणणं हिशेबाबद्दल आहे. परवानगी एकेका प्लॉटला मिळते. समोरच्या रस्त्याची रुंदीही बघतात. पण त्याच बोळात आधी किती मजले चढले आणि अजून किती चढायचे आहेत, ही बेरीज कोणत्याच नकाशावर नसते. जलवाहिनी जुनीच, ड्रेनेजही जुनंच. सकाळी पाणी आलं की प्रत्येक इमारतीचा पंप सुरू होतो आणि आमच्या नळाला नुसती हवा येते. मग टँकर. तो बोळात उलटाच आणावा लागतो. कोणीतरी तोंडाशी उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करतं आणि तोवर दुधवाल्यापासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळे खोळंबतात. नव्या इमारतींत एकावर एक गाड्या ठेवायचं यांत्रिक पार्किंग आहे. वरची काढायची तर आधी खालची हलवा. त्याचा कंटाळा येऊन लोक गाड्या बोळातच लावतात, 'गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल' या पाटीखाली.

शनिवारवाड्याच्या परिसरात नेमकं उलट. संरक्षित वास्तूपासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, असा 2010 पासूनचा केंद्राचा कायदा. तिथले वाडे टेकू लावून उभे आहेत. मालक-भाडेकरूंची भांडणं आहेतच. जुनं भाडं इतकं तुटपुंजं की त्यात कौलंसुद्धा शाकारून होत नाहीत. म्हणजे एका गल्लीत धावपळ आणि पलीकडे पावसाळ्यात भिंत कोसळायची वाट.

सप्टेंबर 2024 मध्ये मंडईपर्यंत मेट्रो आली. माणसं गावातच राहिली तर बरंच आहे. वाघोलीहून रोज तंगडतोड कशाला? पण मेट्रो चालत पंधरा मिनिटांवर असताना फ्लॅटगणिक गाडीच्या जागेचा आग्रह कशासाठी? त्यापेक्षा शेजारचे तीन-चार प्लॉट एकत्र येत असतील तर त्यांना आधी मंजुरी द्या आणि बदल्यात दोन हात रस्ता मागून घ्या. सुट्या प्लॉटला परवानगी देताना त्या बोळाची जलवाहिनी किती घरांना पुरेल, हे जागेवर फलक लावून सांगा. फलक वाचायची आम्हा पुणेकरांना सवय आहे.

आमच्या वाड्याचा नकाशा तयार आहे. भाडेकरू, आम्ही भावंडं आणि विक्रीचे फ्लॅट धरून सतरा घरं होतील. त्यानंतर बोळाच्या तोंडाशी 'येऊ द्या' म्हणत उभं राहायची पाळी आमची.

– एक रहिवासी, नारायण पेठ, पुणे