तेरड्याची तारीख

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलता. म्हणून आज हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, जुन्या शीट्सच्या (वनस्पती चिकटवलेल्या, लेबल लावलेल्या कागदांच्या) नोंदींसाठी मी सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हा तारखेच्या रकान्यात दिवस, महिना, वर्ष हे तिन्ही सक्तीचे ठेवले होते. लेबलवर नुसतं वर्ष असेल तर नोंद पुढे सरकतच नसे. मग नोंदी भरणाऱ्या मुली १ जानेवारी टाकून मोकळ्या व्हायच्या. त्यांचा काय दोष? फुलोऱ्याचा आलेख काढला, तर जानेवारीत भलामोठा उंचवटा. तुम्ही पडद्याकडे पाहिलंत आणि एवढंच विचारलंत, “अगं, तेरडा गौरीत असतो. जानेवारीत कुठून आला?”

मग मी आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या दुसऱ्या भागातली, २०१९ ची पद्धत बसवली. शंका असेल तर ?, अंदाज असेल तर ~, दोन्ही असेल तर %, न कळलेल्या अंकाच्या जागी एक्स. साठवायला ही पद्धत उत्तमच आहे, आजही आत तीच आहे. पण दिवसभर शीट्स उलटणाऱ्या माणसाने ही चिन्हं पाठ करावीत, अशी माझी अपेक्षा होती, आणि ती चूक होती.

ती दुपार मला अजून आठवते. तुम्ही दोन शीट्स शेजारी ठेवल्यात. एकीच्या लेबलला कसर लागलेली. १९३ नंतरच्या आकड्याचा फक्त खालचा गोलवा उरलेला. ३ असेल, नाहीतर ५. दुसरीवर शाई लख्ख, पण संग्राहकानेच ‘सुमारे १९३५’ लिहिलेलं. मी दोन्हींना ‘अंदाजे’ची खूण करत होते. तुम्ही म्हणालात, “पहिल्याला तारीख माहीत होती, आपल्याला वाचता येत नाही. दुसऱ्याचं वाचता येतंय, पण त्यालाच माहीत नव्हती. दोन्ही एक कसं?”

पाच वर्षं तारखांवर काम करूनही हा फरक मला असा कुणी दाखवला नव्हता.

तुमच्या सांगण्यावरून तारखेचे सगळे रकाने काढून एकच ठेवला. ‘१९३३ किंवा १९३५’, ‘सुमारे १९३५’, ‘१९४० च्या आधी’, जसं बोलतो तसं टाइप करायचं, आकडे देवनागरी चालतात. सॉफ्टवेअरला काय समजलं ते खाली लगेच मराठीत दिसतं. ‘३-११-२४’ टाकलं तर ते स्वतः ठरवत नाही; ३ नोव्हेंबर की ११ मार्च, आणि शतक कोणतं, हे विचारतं. लेबलवरचा मूळ मजकूर वेगळ्या रकान्यात जसाच्या तसा राहतो. डार्विन कोअरमध्ये, म्हणजे अशा जैविक नोंदींच्या ठरलेल्या साच्यात, त्यासाठी जागा होतीच, मीच ती रिकामी ठेवत आले होते.

शीट्स पुन्हा काढून नोंदी तपासल्या, त्यात तुमच्या सुट्टीचे कितीतरी शनिवार गेले. जानेवारीतला उंचवटा आता नाही. ताई, मनापासून आभार.

कसर लागलेल्या त्या शीटखाली आता ‘१९३३ किंवा १९३५, महिना माहीत नाही’ असं येतं. त्या संग्राहकाची दौऱ्याची वही मागच्या कपाटात असावी, असं तुम्ही म्हणाला होतात. गौरी झाल्या की येते, मिळून शोधू.

तुमचीच,
तारखांवाली