आधी नदी दाखवणाऱ्या वहिनींना

वहिनी, सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे, पण लिहितोय सगळ्यांसमोर. माझ्या ओळखीतली कितीतरी मुंबईकर माणसं सध्या नदीकाठी भाड्याचं घर शोधताहेत. कोणाची इमारत पुनर्विकासाला गेलीय, कोणाच्या आईवडिलांना इथली धूळ सोसत नाही, कोणाला घरून काम करायची मुभा मिळालीय. कर्जत-नेरळकडच्या फ्लॅटचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत असतात. त्यांना तुमच्यासारखी घरमालकीण भेटावी. नाही भेटली, तर तुम्ही आम्हाला न विचारता जे सांगितलंत ते त्यांनी स्वतःहून विचारावं, म्हणून हे उघड पत्र. तुमचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पेज नदीच्या काठचं गाव एवढंच पुरे.

परळची आमची उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करायची वेळ आली, तेव्हा बाबांचा दमा भलताच बळावला होता. आजूबाजूला चारही बाजूंनी बांधकामं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यांना काही काळ या धुळीतून बाहेर काढा. मग उन्हाळाभर घरं बघणं सुरू झालं. एजंट जिना चढून थेट गॅलरीचं दार उघडायचे आणि नदीकडे बोट दाखवायचे. घर छान, हवा छान, भाडंही खिशाला झेपणारं. पावसाळ्याबद्दल विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, ‘इथे कधीच पाणी येत नाही.’

तुमच्याकडे आलो तेव्हा चावी तुमच्या हातात होती, पण तुम्ही जिन्याकडे वळलाच नाहीत. ‘भाऊ, आधी नदी बघा. मग घर उघडते,’ म्हणालात आणि आईचा हात धरून उतारावरून खाली चालायला लागलात. जुन्या घराच्या पडक्या भिंतीवर तुमच्या सासऱ्यांनी ऑइलपेंटने ओढलेली रेघ दाखवलीत. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. आम्हा मुंबईकरांना तो मिठी नदीने आठवतो. उल्हास नदीने तेव्हा बदलापूर-कल्याणकडे काय केलं आणि तुमच्या पेजेने काय केलं, ते मी त्या रेघेपाशी उभा राहून पहिल्यांदा ऐकलं. रेघ माझ्या छातीपर्यंत होती.

मग तुम्ही हिशोब सांगितलात. तळमजल्याचं जोतं त्या रेघेच्या जेमतेम वर आहे, म्हणून तळमजला तुम्ही म्हाताऱ्या माणसांना देत नाही. वरचा फ्लॅट रिकामा आहे, पण जिना चढावा लागेल, बाबांना झेपेल का ते आधी बघा. पाऊस लागला की वीज जाते, कधी रात्रभर येत नाही. गॅलरीखाली साप निघतात. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत आणि भिंतीला ओल धरते, दम्याच्या माणसाला ते चालेल का हे डॉक्टरांना विचारा. एवढं सगळं सांगून झाल्यावर तुम्ही घर उघडलंत. वहिनी, तो फ्लॅट तेव्हा कित्येक महिने रिकामा होता, हे आम्हाला फार नंतर कळलं. एक भाडेकरू हातचा जाईल याची पर्वा न करता तुम्ही बोललात. आईने घरी परतताना लोकलमध्येच निकाल देऊन टाकला, ‘घर हेच. बाई खरं बोलते.’

डॉक्टरांना ओलीचं विचारलं. त्यांनी भिंतींना रंग द्यायला लावला, बाबांची झोपायची खोली नदीकडची न ठेवता मागची ठेवायला सांगितली. तुम्ही दोन्ही गोष्टी आम्ही राहायला यायच्या आत करून घेतल्यात, आणि रंगाचे पैसे घ्यायला साफ नकार दिलात.

कराराचंही तसंच. गावात बऱ्याचदा साध्या स्टॅम्पपेपरवर सह्या होतात आणि भागतं. तुमच्या दिरांचंही तेच म्हणणं होतं. पण तुम्ही अडून बसलात की लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, रीतसर नोंदवायचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. मुंबईतही पुष्कळ मालक हे भाडेकरूच्या गळ्यात टाकतात. तुम्ही मात्र कर्जतहून अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस बोलावलात, कारण बाबांना प्रवास झेपणार नव्हता. आणि आईला म्हणालात, ‘उद्या मलाच काही झालं तर पोरं तुम्हाला बाहेर काढतील. कागद असू दे.’ घरमालकीण स्वतःच्याच मुलांपासून भाडेकरूला सांभाळते, हे मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते तिथे का रमले हे तुम्हाला पूर्ण माहीत नसेल. त्यांची सगळी नोकरी बेस्टच्या वीजपुरवठा विभागात गेली. मुंबई शहरात बेस्ट जी वीज पुरवते त्यातली बरीचशी वीज वर्षानुवर्षं टाटांकडून येत आली, आणि टाटांच्या घाटातल्या जलविद्युत केंद्रांपैकी एक तुमच्या डोक्यावर, भिवपुरीला. मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण, तिथलं पाणी डोंगरातून नळांनी खाली आणायचं, जनित्रं फिरवायची आणि मग ते पाणी पेजेत सोडायचं. १९२२ पासून हे चालू आहे. म्हणूनच कोकणातल्या बऱ्याच नद्या मार्चात गोट्यांवर येतात, तेव्हा पेज वाहत असते. राजनाल्याच्या कालव्यातून तेच पाणी तुमच्या शेतात जातं आणि भर उन्हाळ्यात भात उभं राहतं. उरलेलं उल्हासला मिळतं आणि पुढे बदलापूरच्या बॅरेज बंधाऱ्यावरून नळाला येतं. बाबांनी भिवपुरीचं नाव आयुष्यभर ऑफिसात ऐकलं होतं, पाणी कधी पाहिलं नव्हतं. तुमच्या अंगणात खुर्ची टाकून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हे समजावत बसतात, आणि तुम्ही दर वेळी नव्याने ऐकता. त्यासाठीही आभार. परळच्या खोलीत त्यांचं ऐकून घ्यायला कोणाला वेळ नव्हता, मलासुद्धा.

नदीचा दुसरा स्वभावही तुम्हीच शिकवलात. वरून पाणी सुटलं की पेज ऊन पडलेलं असतानाही वाढते. माझ्या मुलांना पहिल्याच दिवशी तुम्ही दगड दाखवून ठेवलात, हा बुडायला लागला की बाहेर. रविवारी मुंबईहून येणाऱ्या पोरांना तुम्ही काठावरून ओरडून बाहेर काढता, त्यांची उलट उत्तरं ऐकता, तरी पुढच्या रविवारी पुन्हा जाता.

आता आईबाबा तुमच्याकडे असतानाच्या त्या जुलैच्या रात्रीबद्दल.

तुमची तयारी खरं तर मे महिन्यातच झाली होती. आईकडून तुम्ही एक पिशवी भरून घेतलीत. बाबांची औषधं, दम्याचा पंप, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स, बॅटरी, आधार कार्ड, एक शाल. पिशवी दाराच्या मागच्या खिळ्याला. नेब्युलायझरला वीज लागते, म्हणून गावठाणात, चढावर, तुमच्या दिरांच्या घरी इन्व्हर्टर आहे तिथली एक खोली बोलून ठेवलीत. आईला तेव्हा हे थोडं अतीच वाटलं होतं.

त्या संध्याकाळी मी दादरला स्टेशनवर उभा होतो. बदलापूरच्या पुढे गाड्या थांबल्या होत्या. रुळांवर उल्हासचं पाणी येतं म्हणजे काय होतं हे २०१९ च्या जुलैत सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं होतं, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली तेव्हा. आईचा फोन लागत नव्हता. तेवढ्यात तुमचा आला. ‘अंधार पडायच्या आत आम्ही बाबांना वर गावात नेतोय. पोरांनी खुर्चीसकट उचललंय. तुम्ही निघू नका. रस्त्यात अडकलात तर आम्ही कोणाकोणाला बघायचं?’ आवाजात घाई नव्हती. मी तिथेच बाकावर बसलो आणि ऐकलं तुमचं.

नंतर कळलं की पाणी अंगणात यायच्या कितीतरी आधी तुम्ही निर्णय घेतला होता. पाऊस थांबलेला असताना. शेजारचे म्हणत होते, आता ओसरेल. तुम्ही म्हणालात, घाटावरचं पाणी अजून यायचंय. रात्री पाणी खालच्या पायऱ्यांना लागलं, वर आलं नाही. पण वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारीच आली, आणि बाबांना पहाटे धाप लागली तेव्हा नेब्युलायझर चालला तो त्या इन्व्हर्टरवर. सकाळी रस्ता मोकळा झाल्या झाल्या तुमच्या मुलाने त्यांना कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात नेऊन तपासून आणलं. मी पोहोचलो तेव्हा बाबा तांदळाची भाकरी आणि कंटोळ्याची भाजी खात होते, आणि तुम्ही फावड्याने अंगणातला गाळ ओढत होतात. तुमची भाताची आवणी नुकतीच झाली होती. खालचं वावर गाळाखाली गेलं होतं. त्याबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, आईकडून कळलं.

वहिनी, हे सगळं भाड्याच्या पावतीत बसत नाही. तुमच्याकडे आल्यापासून आईला टमटममध्ये कोण कुठला ते माहीत झालंय. ठाकूरवाडीतल्या मावशी तिला शेवळं ही रानभाजी आणून देतात आणि सोबत काकडं घालायला विसरू नका म्हणून बजावतात. पहिल्या पावसात वलगणीचे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर चढणारे मासे तुमच्या घरून आमच्याकडे आधी येतात. परळला शेजार होता, तो इमारतीबरोबर पांगला. आईला तो पुन्हा मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

घर शोधणाऱ्यांसाठी एवढंच लिहितो. नदीकाठचं घर बघायला जाल तर गावातल्या जुन्या माणसाला विचारा, २००५ ला पाणी कुठवर होतं. जलसंपदा विभागाने त्या नदीची पूररेषा आखली असेल तर नकाशा मागा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. घर त्यांच्या कुठल्या बाजूला आहे ते बघा. आणि शक्य झालं तर एकदा भर पावसात जा.

आमच्या इमारतीचं काम अजून बरंच बाकी आहे, त्यामुळे करार पुन्हा करावा लागणार. बाबांचा निरोप आहे की या वेळी भाडं वाढवून लिहा, मागच्या वेळी तुम्ही ऐकलं नाहीत. ते स्वतः सही करणार नाहीत म्हणतात, आकडा बदलेपर्यंत. मी येत्या शनिवारी सकाळच्या कर्जत लोकलने येतोय, कागद सोबत आणतो. खालच्या वावराच्या बांधाला या वर्षी दगड लावायचेत असं तुमचा मुलगा म्हणाला होता. माणसं लागतील तेव्हा मला आधी सांगा. मी आणि माझे दोन मित्र येऊ.

आपला,
परळचा भाऊ