आगोटीच्या यादीत तीन बरण्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, कामं निघाली आहेत. लाकडं पडवीत रचून झाली, सोडे आणि सुके बांगडे डब्यात गेले, आमसुलं उन्हात आहेत. या यादीत आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराने आणखी एक वस्तू घालावी, म्हणून हे पत्र. वीज गेली की वाऱ्यातही न विझणारे मेणबत्तीचे दिवे करायला, जाड काचेच्या, रुंद तोंडाच्या तीन रिकाम्या बरण्या.

३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ आलं, तेव्हा आमच्या माजघरावरची कौलं उडाली, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब रस्त्यावर पडले. पुढे तीन आठवड्यांहून जास्त दिवस घरात वीज नव्हती. मोबाइल दुसऱ्याच दिवशी बंद पडले. मेणबत्त्या होत्या, पण उघड्या छपरातून वारा असा शिरायचा की एकही तग धरेना. शेवटी मी लोणच्याची बरणी रिकामी केली आणि मेणबत्ती तिच्यात उभी केली. ज्योत स्थिर राहिली. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी औषधाच्या बाटलीची चिमणी करायचो, सकाळी नाकातून काजळी निघायची." ही बरणी त्या चिमणीचीच धाकटी बहीण, फक्त रॉकेल आणि काजळी नाही.

पण ती पहिली बरणी त्याच रात्री गेली. मेणबत्ती थेट काचेवर चिकटवली होती. जळत जळत तळाशी आली, 'टक्' असा आवाज झाला, बूड सुटलं आणि मेण टेबलावर पसरलं. नातू शेजारी बसला होता, म्हणून ते मला आजही आठवतं. काच एकाच जागी तापते. तापलेला भाग फुगतो, बाजूचा थंड भाग त्याला जागा देत नाही, आणि तडा जातो. तेव्हापासून मी तळाशी दोन बोटं वाळू घालते, बांधकामाची, चाळून धुतलेली आणि कडक वाळवलेली. मेणबत्ती तिच्यात रुतून सरळ राहते, आणि वितळलेलं मेण वाळूत थिजलं की दुसऱ्या दिवशी ढेकूळ हाताने निघतं. तापलेल्या बरणीवर पावसाचे शिंतोडे आले तरी ती तडकते, म्हणून पागोळ्यांखाली ठेवू नये.

बरणीचं तोंड रुंदच हवं. सरबताच्या बाटलीत ज्योत गुदमरते, कारण आत येणारी ताजी हवा आणि वर निघणारी गरम हवा, दोघींना तीच एक अरुंद वाट. दोरा रॉकेलात बुडवून, पेटवून बाटली कापायची हौस काही मुलं करतात. कृपा करून ती करू देऊ नका, कापलेली कड पात्यासारखी असते. बरणी टांगायची तर गळ्याला तार वळावी. सुंभाची मूठ ज्योतीच्या बरोबर वर येते आणि पेटते. लेबलाचा कागद कोमट पाण्यात सुटतो. उरलेल्या चिकट्याला खोबरेल तेल आणि खायचा सोडा चोळून अर्धा तास ठेवला की बोटाने निघतो.

आमच्याकडे भंगारवाला पत्रा, पुठ्ठा, प्लास्टिक नेतो, काच नेत नाही. मग बरण्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, जातात, पहिल्या पुरात खाडीत आणि तिथून पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत. मागच्या महिन्यात शेजारच्या मुलाच्या टाचेत बोटभर काच घुसली, तीन टाके पडले. कासवांची पिल्लं जिथून समुद्राकडे जातात, तीच ही पुळण. म्हणूनच घरी पाहुणे ठेवणाऱ्यांनाही एक विनंती. असे दिवे अंगणात जरूर लावा, पण पिल्लं निघायच्या दिवसांत समुद्राच्या बाजूला नको. ती उजेडाच्या दिशेने चालतात आणि वाट चुकतात.

माझ्या फडताळात आज सात बरण्या तयार आहेत. चार आळीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जाणार. ज्यांना करायच्या आहेत त्यांनी या आठवड्यातच वाळू धुऊन उन्हात घालावी. एकदा पाऊस लागला की ती वाळत नाही.

आपली,
एक गृहिणी, आंजर्ले (ता. दापोली, जि. रत्नागिरी)