शिव्या मात्र सिस्टरलाच

संपादक साहेब, मागच्या आठवड्यात बाबांना घेऊन रात्री दोनला कॅज्युअल्टीत होतो, तिथे एका पेशंटसोबत आठ-दहा जण आले आणि डॉक्टर दुसरीकडे बिझी म्हणून सगळा राग सिस्टरवर, एकाने तर सलाईनचा स्टँडच उचलला. सिक्युरिटीवाले काका एकटे, साठीच्या पुढचे, ते तरी काय करणार. महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, नर्सवर हात उचलला तर ३ वर्षांपर्यंत जेल, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, पण ड्युटी सोडून चौकीत जाऊन बसायचं कोणी? तक्रार हॉस्पिटलनेच करायला हवी ना! ती सिस्टर पाच मिनिटांत परत बाबांचं बीपी बघायला आली, हात थरथरत होते तिचे.

— एक वाचक, नाशिक