तक्रार: घड्याळातल्या कॅलरी माझ्या ताटात वाढू नका

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: स्मार्टवॉच व अ‍ॅपमधील कॅलरींच्या चुकीच्या हिशेबाबाबत

महोदय/महोदया,

तुमचं घड्याळ मी गणपतीच्या सुमारास घेतलं. खोक्यावर 'अचूक कॅलरी ट्रॅकिंग' असं ठळक छापलेलं आहे. आता संक्रांत उलटली आणि वजन तिथल्या तिथे आहे. ते उतरवून देणं तुमचं काम नाही, हे मला कळतं. पण हिशेब तुम्ही अंगावर घेतलात, आणि तो चुकतोय.

साध्या चालण्याचंच घ्या. माझं वजन ७२ किलो. सोसायटीच्या जिममध्ये ट्रेडमिलवर, चढ न ठेवता, ताशी ५.६ किमी वेगाने तासभर चालले. घड्याळाने ४३७ कॅलरी दाखवल्या. (ट्रेडमिलने आणखी तिसराच आकडा दिला, पण त्या बिचाऱ्याने माझं वजनही विचारलं नव्हतं.) अशा चालण्याला व्यायामशास्त्राच्या तक्त्यांत साधारण ४.३ मेट धरतात. १ मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च, किलोमागे तासाला अंदाजे १ कॅलरी. ७२ गुणिले ४.३, म्हणजे ३१०च्या आसपास. त्यातल्या ७२ तर मी सोफ्यावर लोळत पडले असते तरी खर्च झाल्याच असत्या. चालून जास्तीच्या गेल्या त्या जेमतेम २४०. तक्तासुद्धा सरासरीच सांगतो, माणसामाणसात फरक पडतो, हे मान्य. पण तो निदान 'अंदाज' म्हणूनच दिलेला असतो. तुम्ही ४३७ मधला सातसुद्धा सोडत नाही!

इथवरही मी गप्प बसले असते. खरी गडबड अ‍ॅपमध्ये आहे. दिवसाचं खाण्याचं बजेट ठरवताना तुम्ही बसून होणारा खर्च आधीच धरता. मग व्यायामाचे सगळेच्या सगळे ४३७ त्यात मिळवता आणि टाळ्यांच्या चित्रासह कळवता: 'आज तुम्ही आणखी ४३७ कॅलरी खाऊ शकता!' म्हणजे बसल्याच्या ७२ दोनदा मोजल्या, वर फुगवटा वेगळाच. मी दिवसाला ४०० कॅलरींची तूट ठेवते. त्यातली निम्मी तुमच्या बेरजेतच जिरते. आणि ही सोय बंद करायचं बटण सेटिंगमध्ये कुठेच नाही.

पोळ्या लाटताना घड्याळ पावलं मोजतं, ते मी हसण्यावारी नेलं. ऑफिसात चिडचिड होऊन ठोके वाढले की बसल्या जागी 'फॅट बर्न' दाखवतं, तेही. पण तुमच्या कस्टमर केअरने प्रत्येक वेळी 'पट्टा घट्ट बांधा, रिस्टार्ट करा' एवढंच सांगावं? पट्ट्याचा इथे काय संबंध? ठोके घड्याळ बरे मोजतं. ठोक्यांवरून कॅलरी काढताना गाडी घसरते. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ६० जणांवर मनगटावरची सात उपकरणं तपासली होती. सातांपैकी सहांच्या ठोक्यांतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींत मात्र सगळ्यात बरं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं, सगळ्यात वाईट ९३ टक्के. त्यानंतर घड्याळं सुधारली असतील. तुमचं किती सुधारलं, ते खोक्यावर छापा की!

माझ्या मागण्या सरळ आहेत. व्यायामाच्या कॅलरी खाण्याच्या बजेटमध्ये आपोआप मिळवणं बंद करा. ज्याला हवं तो स्वतः चालू करील. बसल्याचा खर्च वजा करूनच व्यायामाचा आकडा दाखवा, आणि तो किती टक्के चुकू शकतो हे तिथेच लिहा, नियम व अटींच्या तळाशी बारीक अक्षरांत नको. 'अचूक' हा शब्द खोक्यावरून काढा. यातलं काहीच जमणार नसेल, तर घड्याळ परत घ्या आणि पूर्ण रक्कम द्या.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' ही मेल मी उत्तर म्हणून धरणार नाही. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, आणि तिथेही निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत: बिलाची प्रत, खोक्याचा फोटो, अ‍ॅपचे स्क्रीनशॉट.

कळावे,
आपली एक ग्राहक, पुणे