रोकड जुळेना त्या संध्याकाळी

कोथरूड, पुणे

चि. निनाद यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीचे दिवस घरी काढून तू बेंगळुरूला परत गेलास, त्याला आठवडा होत आला. एक गोष्ट तुझ्याशी बोलायची होती, परंतु मी बोलायला घेतले की तुझ्या कानात आधीच दुसरे कोणीतरी बोलत असे; म्हणून पत्र लिहीत आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मावशीकडून मला स्कूटरवरून घरी आणताना तू हेल्मेटच्या आत इअरफोन लावून कार्यालयातल्या कोणाशी तरी चर्चा करत होतास, आणि दांडेकर पुलाशी म्हात्रे पुलाच्या दिशेने वळायचे सोडून सरळ सिंहगड रस्त्याला लागलास. रस्ता चुकला याचे काही नाही. मागे बसून मी दोनदा "वळ" म्हटले, ते तुझ्यापर्यंत पोहोचलेच नाही, याची मात्र मला भीती वाटली.

घरी आल्यावर तू हसून म्हणालास, "आई, तूही नोकरी, स्वयंपाक आणि माझा अभ्यास एकाच वेळी सांभाळायचीसच की." नातेवाईकही मला अष्टावधानी म्हणत आणि मला ते आवडत असे, हे कबूल करते. परंतु त्यात नेमके काय घडत होते ते तुला ठाऊक नाही. कुकर गॅसवर ठेवून मी कणीक मळत असे, तेव्हा कुकर माझ्याकडे काहीच मागत नव्हता. तिसरी शिट्टी झाली की तो स्वतःच हाक मारी. तुझी पणजी जात्यावर दळताना ओव्या म्हणायची, कारण हातांना दळण इतके सवयीचे झालेले होते की मन ओवीसाठी मोकळे राही. हात एका कामात आणि मन दुसऱ्यात, एवढे माणसाला जमते. दोन कामांना मनच हवे असले की पंचाईत होते, आणि ते मी बँकेच्या काउंटरवर शिकले.

नोटा मोजण्याचे यंत्र आमच्या शाखेत येण्यापूर्वी शंभर नोटांची गड्डी ओल्या स्पंजवर बोट टेकवत हाताने मोजावी लागे. त्रेसष्टाव्या नोटेवर कोणी हाक मारली आणि मी मान वर केली, की पुन्हा एकपासून सुरुवात. "त्रेसष्ट" हा आकडा लक्षात ठेवून पुढे जाण्याचा मोह होई, आणि एका महिनाअखेरीस, काउंटरसमोर रांग असताना, मी त्याला बळी पडले: एका हाताने पैसे देत असताना शेजारच्या सहकाऱ्याच्या व्हाउचरवर सही केली. संध्याकाळी रोकड जुळेना. पाचशे रुपये कमी भरले आणि ती तूट मी माझ्या पगारातून भरली. त्या काळी आपल्या घरात पाचशे रुपये म्हणजे काय होते, ते बाबांना विचार. वाचलेला वेळ फार तर अर्ध्या मिनिटाचा असेल.

मल्टिटास्किंग हा शब्द १९६० च्या दशकात संगणकांच्या जगात रुळला, आणि एकच प्रोसेसर असलेला संगणक खरे तर एका क्षणी एकच काम करतो, फक्त कामे फार वेगाने आलटूनपालटून घेतो, हे तूच मला समजावले होतेस. मला त्यातला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटला: दुसऱ्या कामाकडे वळण्यापूर्वी तो पहिल्या कामाची स्थिती जशीच्या तशी नोंदवून ठेवतो आणि परतल्यावर नेमके तेथूनच पुढे जातो. माझ्याजवळ तशी नोंद नव्हती, म्हणून तर त्रेसष्टवरून पुन्हा एकवर यावे लागे. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली हेच दाखवले, की अर्धवट सोडलेल्या कामाचा विचार पुढच्या कामात रेंगाळत राहतो आणि ते पुढचे काम उणे पडते. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासात, एकाच वेळी अनेक माध्यमे हाताळण्याची सवय असलेली माणसे अनावश्यक गोष्टी बाजूला सारण्यात आणि एका कामावरून दुसऱ्यावर जाण्यातही मागे पडलेली दिसली. अर्थात सवयीमुळे त्यांचे लक्ष दुबळे झाले, की मुळात दुबळे म्हणून ती सवय लागली, हे त्यातून ठरत नाही. तेव्हा तुला घाबरवण्यासाठी मी त्याचा आधार घेणार नाही.

आणि अष्टावधानाचेच घे, म्हणजे आठ जणांच्या प्रश्नांकडे एकाच बैठकीत लक्ष देत पद्ये रचण्याच्या कलेचे. तेलुगू आणि कन्नड भाषांत ही परंपरा आजही जिवंत आहे. तुझ्या शहरात असे कार्यक्रम होतात, तेव्हा एकदा अवश्य पाहा. समोरचे पृच्छक, म्हणजे प्रश्न विचारणारे, आळीपाळीने प्रश्न घालतात, आणि अवधानी, म्हणजे ही कला सादर करणारा, पद्य मागणाऱ्या प्रत्येकाच्या पाळीला त्याच्याच पद्याचा एक चरण रचून देतो. अशा चार फेऱ्यांत पद्ये पूर्ण होतात आणि शेवटी तो ती सगळी सलग म्हणून दाखवतो. मध्येच वाजणाऱ्या घंटेचे टोलही तो मोजतो, हे खरे, पण त्यामागे वर्षानुवर्षांची साधना असते, आणि तो तेव्हा स्कूटर चालवत नसतो.

तुझे काम असे आहे की दिवसभर निरोप येतच राहणार, ते मला कळते. सगळे बंद कर असे म्हणणारी मी कोण? मी केले ते एवढेच: तूट भरल्यानंतर गड्डी मोजून तिच्यावर कागदी पट्टी चढेपर्यंत मान वर करायची नाही असे ठरवले, आणि ग्राहकांना त्या दिवसापासून "दोन मिनिटे थांबा" म्हणू लागले. दोघे-तिघे रागावले, बाकीच्यांना सवय झाली. तूही गाडी चालवताना तरी फोन बंद ठेव. हे मात्र मी सांगत नाही, बजावत आहे.

जाताना तू फोनवर बोलत बोलत बॅग भरलीस. तुझा चार्जर येथे कपाटावर आहे आणि बाबांचा वाचायचा चष्मा बहुधा तुझ्याबरोबर गेला आहे. सापडला तर कुरिअरने पाठव. तोवर वर्तमानपत्र मीच त्यांना वाचून दाखवत आहे आणि त्यांना माझा वेग पसंत नाही.

तुझी,
आई