टेबल सॉचा पूर्ण आकडा

चि. सौ. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला सुतारकामाच्या छंदासाठी टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली विजेची गोल करवत, घ्यायचा आहे आणि जावईबापू "कशाला?" म्हणतात, एवढ्यावर तुमचं अडलंय. त्यांच्यापुढे तू एकच आकडा ठेवला आहेस, दुकानातली किंमत, २५ हजार. आकडा खोटा नाही, पण अर्धा आहे. आज २५ हजार, पुढच्या महिन्यात ब्लेड, मग भुसा ओढायचा व्हॅक्यूम, मग इलेक्ट्रिशियन, आणि दर वेळी "एवढंच राहिलं होतं". ऐकणाऱ्याला दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला वाटायला लागतं की आपल्याला थोडं थोडं करून गंडवलं. छंदावरून घरात जी धुसफूस होते तिचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं, रकमेत नसतं. म्हणून बोलायला बसण्याआधी एका कागदावर सगळं लिही.

मी ढोबळ आकडे घालतो, दर तू विचारून घाल. यंत्र २५ हजार. सोबत येणाऱ्या ब्लेडवर भागत नाही. सागासारखं भरीव लाकूड उभं चिरायला २४ दातांचं, प्लायला ६० दातांचं, दोन मिळून ३ हजार. प्लायमधल्या गोंदामुळे ब्लेड लवकर बोथट होतं, ते धार लावून आणायचा खर्च वेगळा. व्हॅक्यूम ७ हजार, चार क्लॅम्प (लाकूड आवळून धरायच्या पकडी) ३ हजार, मास्क, चष्मा आणि कानावरचे मफ दीड हजार. आणि वायरिंग. १८०० वॅटचं यंत्र २३० व्होल्टला जवळपास ८ अँपिअर ओढतं, सुरू होताना त्याहून बरंच जास्त. बाल्कनीतलं साधं ६ अँपिअरचं सॉकेट त्याला चालत नाही, तापून काळं पडतं. १६ अँपिअरचा पॉइंट वेगळ्या वायरने ओढून घ्यायचे दीड हजार धर. झाले ४१ हजार. शिवाय पॉलिश पेपर, फेविकॉल, स्क्रू आणि लाकूड यांचे महिन्याला दोनेक हजार. हे सुटे खर्च कोणी मोजत नाही आणि वर्षाअखेर तेच यंत्राच्या किमतीला गाठतात.

जागाही लिही, तीही फुकट नसते. भाडं चौरस फुटाला २५ रुपये असेल तर ३० चौरस फुटांचे महिन्याला ७५० आणि वर्षाला ९ हजार झाले. खरी अडचण तर पुढेच आहे. ८ फुटी प्लाय टेबल सॉवर चिरायचा म्हणजे ब्लेडच्या अलीकडे ८ फूट आणि पलीकडे ८ फूट मोकळं लागतं. तुमच्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्याचं दार काढलं तरी हे जमायचं नाही.

त्यामुळे माझं मत विचारशील तर टेबल सॉ आत्ता नको. सर्क्युलर सॉ, म्हणजे हातात धरून चालवायची गोल पात्याची करवत, घे, साधारण ६ हजारांत. ६० दातांचं ब्लेड दीड हजार, पट्टी म्हणून अॅल्युमिनियमचा ८ फुटी सरळ बॉक्स पाइप हजार, दोन क्लॅम्प हजार, रिपा (खाली टाकायच्या लाकडी पट्ट्या) ५००, मास्क-चष्मा-मफ दीड हजार. सगळं मिळून साडेअकरा हजार. जमिनीवर पाच रिपा टाकायच्या, त्यावर प्लाय, वर पाइप दोन्ही टोकांना क्लॅम्पने आवळायचा आणि सॉ त्या पाइपला टेकवून सरकवायचा. ब्लेड प्लायच्या खाली ५ मिलिमीटरच उतरेल एवढी खोली ठेव. प्लायची चांगली बाजू खाली कर, कारण दात खालून वर येतात आणि चिरफळ्या वरच्या बाजूला निघतात. हे झालं की सॉ कपाटाच्या खणात जातो. जावईबापूंचा अर्धा आक्षेप जागेचा आहे, तो इथेच मिटतो.

आता पैसे कोणाचे, हा प्रश्न. घरखर्च, हप्ते, विमा आणि अडीअडचणीची गंगाजळी बाजूला काढल्यावर जे उरतं त्यातून दोघांनी सारखा हातखर्च घ्या. पगाराच्या प्रमाणात नको, सारखा. तुझा पगार जास्त म्हणून तुझा छंद मोठा, असं एकदा झालं की समोरचा माणूस स्वतःसाठी काही मागायचंच सोडून देतो, आणि ते मागाहून फार महाग पडतं. महिन्याला ३ हजार धरले तर सर्क्युलर सॉचं सामान चार महिन्यांत येतं. टेबल सॉला १४ महिने लागले असते. न खर्चलेले पैसे पुढच्या महिन्यात जमा व्हायला हवेत, नाहीतर महिनाअखेर उगाच काहीतरी घेतलं जातं. हातखर्चातल्या खरेदीवर एकमेकांना प्रश्न विचारायचा नाही. त्यांनी ट्रेकिंगचे बूट घेतले तर तूही भुवई उंचावायची नाहीस.

हातखर्चाबाहेरून घ्यायचं असेल आणि रक्कम ५ हजारांच्या वर असेल, तर दोघांचा होकार लागेल असं ठरवा. नकार द्यायचा तर त्याला तारीख जोडायची. "आत्ता नको, बोनसनंतर बघू" हा धड नकार आहे. नुसतं "बघू" म्हणणं म्हणजे विषय दाबून ठेवणं, आणि दाबलेला विषय गणपतीत पाहुण्यांसमोर बाहेर येतो.

खोकी ऑफिसच्या पत्त्यावर मागवून हळूच घरी आणायची, हे तर अजिबात करू नकोस. पैसे स्वतःच्या हातखर्चातले असले तरी ती लपवाछपवी डाचते. 'नो कॉस्ट इएमआय'ला भुलू नकोस. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली होती. आता व्याजाएवढी सूट किमतीत दाखवतात, पण कार्डावरच्या त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी लागते. त्यापेक्षा वाईट म्हणजे सहा महिन्यांचा हप्ता तुमच्या दोघांच्या बजेटमध्ये घुसतो आणि हातखर्चाला अर्थच उरत नाही.

पैशाइतकेच तासही मांड. रविवारी सकाळी १० ते १ तुझं काम चालणार असेल तर त्या तीन तासांत स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, दूध-भाजी कोण बघणार? जावईबापू बघणार असतील तर शनिवारचे तीन तास त्यांचे, आणि तेव्हा तू बघायचंस. आवाजाचंही तसंच. नियमाने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सॉ कानाशी ९० डेसिबलच्या वर जातो. दुपारी शेजारचे आजोबा झोपतात ती वेळ टाळ, सोसायटीची तक्रार आली तर ती जावईबापूंनाही ऐकून घ्यावी लागणार आहे. आणि भुसा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. जमिनीवर दिसणारा भुसा झाडता येतो. त्रास देतो तो हवेत तरंगणारा बारीक, घासकामाचा. म्हणून घासताना व्हॅक्यूम जोडलेला हवा आणि बाल्कनीचं दार बंद हवं. सर्क्युलर सॉच्या यादीत व्हॅक्यूम नाही, तेव्हा आता घासकाम हातानेच करायचं, तेही ओला कपडा अंथरून आणि मास्क लावून. "घरात धूळ येते" ही त्यांची कुरकुर नव्हे, खरी हरकत आहे.

कागदावरच्या दोन ओळींना कात्री लावायची नाही. एक, मास्क, चष्मा आणि मफ. दोन, सॉचा वरचा-खालचा दोन्ही संरक्षक पत्रा. पैसे वाचवायला ग्राइंडरला, म्हणजे धातू कापायच्या-घासायच्या हातयंत्राला, लाकूड कापायचं चाक लावून काम करणारे खूप दिसतील. ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो, दात लाकडात अडकला की यंत्र क्षणात अंगावर उसळतं. टेबल सॉ पुढेमागे घेतलास तरी ब्लेडमागची फाळ, म्हणजे रायव्हिंग नाइफ, असलेलाच घे. चिरलेलं लाकूड मागे मिटून ब्लेडला चिमटतं आणि फळी आपल्याच अंगावर भिरकावली जाते, ती अडवायला ती फाळ असते. या दोन बाबतींत जावईबापू हट्ट धरतील तर त्यांचंच ऐक.

नवीन काही घेण्याआधी घरातल्या तीन पटाशांना धार लाव. बोथट पटाशीने काम नीट होत नाही आणि मग माणसाला वाटतं की राउटर (लाकडात खाचा पाडायचं यंत्र) नाही म्हणून जमत नाही. ८ मिलिमीटर जाडीच्या काचेचा तुकडा घे, त्यावर पाणी मारून २२०, ४००, १००० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर क्रमाने चिकटव. आधी पटाशीची सपाट पाठ टोकापासून इंचभर चकचकीत होईपर्यंत घास. ही पायरी लोक गाळतात आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते. मग धारेचा उतार २५ अंशांवर धरून घास. पाठीवरून बोट धारेच्या बाहेर सरकवलं (धारेवरून लांबीने नव्हे) की कडेला बारीक खरखर लागली पाहिजे, टोकापासून टोकापर्यंत. ती आली म्हणजेच पुढच्या नंबरवर जायचं. शेवटी पाठ एकदा पुसल्यासारखी घासून ती खरखर काढ. सागाच्या तुकड्याच्या आडव्या टोकावर दाबून बघ. पापुद्रा न चुरता निघाला तर धार बसली. काच आणि पेपर मिळून काहीशे रुपयांत काम होतं.

दर वर्षी खंडेनवमीला हत्यारं पुसून पाटावर मांडशीलच. त्याच दिवशी दोघांनी खर्चाची वही उघडा. वर्षभरात जे एकदाही हातात धरलं नाही ते विकायचं, आणि आलेले पैसे तुझ्या हातखर्चात जमा. तीस बिटांचा (पात्यांचा) राउटर सेट घेणाऱ्यांची पंचवीस बिटं पाटावर कोरी करकरीत दिसतात.

एक मुद्दा मात्र बोलताना वापरू नकोस: "फर्निचर घरी केलं तर पैसे वाचतील." पहिली दोन वर्षं वाचत नाहीत. पुस्तकांच्या शेल्फाचंच बघ. ६ फूट उंच, ३ फूट रुंद, १ फूट खोल. दोन उभ्या बाजू १२ चौरस फूट, वर-खालच्या धरून सहा फळ्या १८, एकूण ३०. ८ बाय ४ चा प्लाय ३२ चौरस फुटांचा, म्हणजे एकात बसतं असं वाटतं. कापायला घे. प्लायच्या ४ फुटी रुंदीतून चार पट्ट्या करताना तीन काप, दर कापाला ३ मिलिमीटर भुशात जातात, १२२० मिलिमीटरचे १२११ उरतात, पट्टी ३०२ ची. दोन पट्ट्यांतून दोन बाजू निघाल्या. उरलेल्या दोन ८ फुटी पट्ट्यांतून ३ फुटी फळ्या दोन-दोनच, म्हणजे चार. चारही पट्ट्यांची २-२ फुटांची शेपटं वाया. दोन फळ्यांसाठी दुसरा प्लाय आणावा लागतो आणि बचत तिथेच संपते. रुंदी अडीच फूट केलीस तर एका पट्टीतून तीन फळ्या निघतात, सहा पूर्ण होतात. शिवाय ३ फुटी फळी १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये पुस्तकांच्या वजनाने मधे वाकते, अडीच फुटी बरीच तग धरते. पाठीला ६ मिलिमीटरचा प्लाय, कडांना लाकडी पट्टी आणि पॉलिश वेगळं धर. तेव्हा "मला हे करायला आवडतं, आणि त्याला इतके पैसे लागतात" असंच सांग. ते ऐकून घेतील.

पहिलं काम ते शेल्फच कर. उंची १८२९ मिलिमीटर, त्यात सहा फळ्यांचे १०८ गेले, १७२१ उरले, म्हणजे पाच खण ३४४ चे. पण सारखे पाडू नकोस. जावईबापूंच्या बॉक्स फाइली ३५ सेंटिमीटरच्या आसपास असतील, त्या एवढ्यात उभ्या राहणार नाहीत. खालचा खण ४०० चा केलास तर वरचे चार ३३० चे होतात. पेन्सिलने खुणा करण्याआधी त्यांना बोलाव आणि त्यांच्या फाइली टेपने मोजायला सांग.

तुझे,
बाबा